बाळाला आणायला जाताना बॅगेत काय भरावे?



दत्तक बाळ आणायला निघालेली जोडपी प्रवासाच्या आधी आशीर्वाद घ्यायला येतात. थोडा वेळ इकडचे-तिकडचे बोलणे होते आणि मग बहुधा पत्नी विचारते, "फादर, बॅगेत काय काय भरू?" प्रश्न खरे तर आईला नाहीतर सासूबाईंना विचारण्याचा. झबल्या-टोपड्यांच्या बाबतीत धर्मगुरूचे ज्ञान ते किती! पण तिने घरच्यांना आधीच विचारलेले असते. आईने एक यादी दिलेली असते, जाऊबाईंनी दुसरी, डॉक्टरांनी तिसरी. तरीही ती आम्हाला विचारते, याचा अर्थ तिचा प्रश्न कपड्यांचा नसावा.

बाई बाळंतपणासाठी दवाखान्यात जाताना पिशवी भरते, तेव्हा तिला काळजी असते, भीतीही असते, पण हा प्रश्न नसतो. ज्याच्यासाठी ती पिशवी भरते ते तिच्याजवळच असते. इथे मात्र बाळ दुसऱ्या गावी, कधी दुसऱ्या राज्यात, दुसऱ्याच कोणाच्या तरी मांडीवर आहे. जे अजून आपले झाले नाही त्याच्यासाठी किती तयारी करावी, आणि कोणत्या हक्काने? या प्रश्नाचा आज थोडा विचार करू.

आधी व्यवहाराचे बोलू, कारण पुढचा विचार त्यावरच उभा आहे. आपल्याकडे अजूनही पुष्कळांची समजूत आहे की एखाद्या सिस्टरच्या ओळखीने किंवा डॉक्टरांच्या कानावर घालून दवाखान्यातून परस्पर बाळ घरी आणता येते. तसे आणता येत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहे आणि त्याला कैदेची शिक्षा आहे. दत्तकाचे काम 'कारा' म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या संगणकावरील यादीतून चालते. इच्छुक पालकांनी नाव नोंदवायचे, समाजसेविका घरी येऊन अहवाल तयार करते, आणि मग वाट पाहायची. ही वाट महिन्यांची नसते, वर्षांची असते. मग एके दिवशी बाळाचा फोटो, त्याची माहिती आणि वैद्यकीय अहवाल येतो. होकार ४८ तासांत कळवायचा. त्यानंतर संस्थेत जाऊन बाळाला प्रत्यक्ष भेटायचे, कागदपत्रे पुरी करायची, आणि बाळ दत्तकपूर्व संगोपनासाठी आपल्या हाती येते. दत्तकाचा शेवटचा आदेश पूर्वी न्यायालय देत असे, सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हा दंडाधिकारी देतात.

यात एक अट अशी आहे की जिच्यावर घाईत असलेले पालक कधीकधी चिडतात. जन्मदात्या आईने बाळ बालकल्याण समितीपुढे स्वाधीन केले, तर तिला फेरविचारासाठी ६० दिवस दिले जातात. बाळ कुठे बेवारस सापडले असेल तर त्याच्या माणसांचा शोध घेतला जातो, आणि त्यानंतरच ते दत्तकासाठी मोकळे असल्याचे जाहीर होते. दोन वर्षांखालील बाळासाठी यालाही दोन महिन्यांची मुदत आहे. म्हणजे आपल्या देशात ज्याला आपण 'नवजात बाळ दत्तक घेणे' म्हणतो ते शब्दशः तसे कधीच नसते. बाळ हाती येईपर्यंत ते चार-पाच महिन्यांचे, कधी त्याहून मोठे झालेले असते. हसते, पालथे पडते, ओळखीचा चेहरा दिसला की पाय झाडते. आणि तो ओळखीचा चेहरा आपला नसतो.

म्हणून बॅगेतील पहिली चूक होते ती मापाची. हौसेने घेतलेली चिमुकली झबली बाळाच्या डोक्यातूनसुद्धा उतरत नाहीत. आम्हाला अशा वेळी शमुवेलाची आई हन्ना आठवते. तिने मुलगा देवाच्या मंदिरात एली याजकापाशी ठेवला होता. दरवर्षी ती त्याच्यासाठी एक छोटा झगा शिवून घेऊन जाई. वर्षभर मुलगा दृष्टीआड. माप घेणार कसे? मागच्या वर्षीचा आकार मनात धरायचा आणि त्यात एका वर्षाची वाढ मिळवायची. बायबलमध्ये हे एकाच वाक्यात येते आणि बहुतेक जण ते वाचून पुढे जातात. पण त्या झग्याची शिवण हन्ना प्रत्येक वर्षी थोडी लांब घेत असणार. मूल आपल्या डोळ्यांसमोर नसताना वाढते आहे, आपल्या कल्पनेतल्या आकाराला ते थांबून राहणार नाही, हे तिने मान्य केले होते. तेव्हा व्यवहाराचा सल्ला एवढाच, की एक माप मोठे घ्या. पण या मापाच्या चुकीच्या मागे आणखी एक चूक असते. आपण आपल्या मनातल्या बाळासाठी बॅग भरतो आणि भेट मात्र खऱ्या बाळाशी होते.

पुष्कळ वर्षांपूर्वी, आम्ही दुसऱ्या धर्मग्रामात असताना, एका बहिणीने विचारलेला प्रश्न आमच्या मनातून गेलेला नाही. तिचे पहिले बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेले होते. त्या बाळासाठी आईने विणलेले स्वेटर, मोजे, दुपटी तिने कपाटात जपून ठेवली होती. सहा वर्षांनंतर दत्तक बाळ आणायला निघताना तिने विचारले, "ते कपडे याला घातले तर चालतील का? पाप नाही ना?" तिच्या सासूबाईंचे म्हणणे होते की ते अशुभ आहे. नवऱ्याचे म्हणणे होते की ते तिच्या मनाला लागेल. ती स्वतः म्हणाली, "मला ते कपडे रिकामे बघवत नाहीत."

शुभ-अशुभाचा भाग सोडून देऊ. श्रद्धावंत माणसाने लोकरीच्या मोज्यांना घाबरू नये. पण तिच्या शेवटच्या वाक्यात एक खरा नैतिक प्रश्न आहे. येणारे बाळ कोणाची तरी रिकामी जागा भरायला येत आहे का?

संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा थिओलॉजिका' या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात दत्तकाचा विचार केला आहे. आपण देवाची दत्तक लेकरे आहोत असे संत पॉल म्हणतात, ते कोणत्या अर्थाने, असा तेथे प्रश्न आहे. अक्वायनस म्हणतात की माणूस काही करतो ते आपली गरज भागवण्यासाठी, देवाला मात्र कशाचीच गरज नाही. तो आपल्या विपुलतेतून देतो. दुसरा फरक ते असा सांगतात की माणूस दत्तक घेताना आधीच योग्य असलेला निवडतो, देव ज्याला घेतो त्याला आपल्या कृपेने योग्य करतो. सेमिनरीत हे वाचताना आम्हाला हा केवळ शब्दांचा काटेकोरपणा वाटला होता. आता संसारी माणसांच्या घरात जाऊन बसल्यावर कळते की त्यात किती अर्थ आहे.

कारण इतिहासात दत्तक म्हटले की बहुतेक वेळा गरज मोठ्यांचीच होती. रोममध्ये घराणे आणि मालमत्ता चालवायला सहसा मोठे पुरुष दत्तक घेतले जात. आपल्याकडेही वारस हवा, मुखाग्नी द्यायला पुत्र हवा, गादीवर कोणी बसवायला हवा, म्हणून दत्तकविधान होई. १८५३ साली झाशीचे गंगाधरराव मृत्युशय्येवर असताना त्यांनी आनंदराव नावाच्या लहान मुलाला दत्तक घेतले आणि त्याचे नाव दामोदरराव ठेवले. हेच नाव त्यांच्या अकाली गेलेल्या तान्ह्या मुलाचे होते. पुढे इंग्रजांनी ते दत्तक नामंजूर करून संस्थान खालसा केले, ही कथा आपण शाळेत शिकलो. शाळेत न शिकलेला भाग असा की त्या लेकराला दुसऱ्या लेकराचे नाव अंगावर चढवावे लागले. राजघराण्याची निकड आपण समजू शकतो. पण आनंदराव कोण होता, त्याला काय आवडायचे, हे विचारायला त्या दिवशी कोणाला फुरसत नसणार.

त्याच शतकात पुण्यात एक निराळे दत्तक झाले. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. तेथे आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी पुढे दत्तक घेतला. त्यांनाही मूल नव्हते, पण वारस शोधायला ते निघाले नव्हते. दाराशी आलेल्या बाईला आणि तिच्या बाळाला जगवायला निघाले होते. यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई रुग्णांची सेवा करताना गेल्या, त्या वेळी तोही रुग्णांवर उपचार करत होता. जन्मदात्या आईचे नाव येथे पुसले गेले नाही, म्हणून तर ते आज आपल्याला ठाऊक आहे.

आता कोणी म्हणेल, "फादर, सगळ्यांनाच फुले होता येत नाही. आम्हाला मूल हवे आहे म्हणूनच आम्ही निघालो. यात चूक काय?" चूक काहीच नाही. मूल हवे असणे ही चांगली इच्छा आहे. देवाने ती माणसाच्या हाडामासात घातली आहे. गरजेपोटी जाऊ नका, असे म्हणणे म्हणजे तहान लागल्याशिवाय विहिरीवर जा म्हणण्यासारखे होईल. ख्रिस्तसभेची शिकवण इतकीच आहे की मूल ही देणगी आहे, त्यावर कोणाचा हक्क नसतो. १९८७ च्या 'दोनुम व्हिते' या पत्रकात हे स्पष्टपणे मांडले आहे. आम्हाला वाटते, इच्छा घेऊन जावे, पण बॅग उघडताना त्या बाळाकडे पाहावे. तो आपल्या दुःखावरचा उपाय नाही. तो उपाय ठरलाच, तर ते त्याचे औदार्य. त्याचे ते काम नव्हे.

मग त्या बहिणीच्या कपाटातल्या कपड्यांचे काय? आपल्या मराठी घरांत तान्ह्या बाळाला आधी नवे कपडे घालतच नाहीत. आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याची दुपटी, थोरल्या भावाची झबली, मावशीच्या मुलाचे टोपडे. नव्या कापडाची खळ बाळाच्या कातडीला बोचते, हे कारण आहेच. शिवाय घरातला जुना धागा अंगाला लागला की बाळ घरचे झाले, अशीही एक भावना असते. त्या न्यायाने गेलेल्या भावंडाचा स्वेटर नव्या बाळाने घालण्यात आम्हाला काही गैर दिसले नाही. थोरल्याचे कपडे धाकट्याला, इतकी साधी ती गोष्ट होऊ शकते. कपडे द्या, पण नाव देऊ नका, जागाही देऊ नका. जे बाळ गेले त्याचे नाव त्याच्यापाशी राहू द्या, मृतांसाठी मिस्सा होईल तेव्हा ते घ्या. हे असे आम्ही तिला सांगितले. तिने शेवटी कोणते कपडे नेले हे आम्ही विचारले नाही.

दुसरी अडचण याच्या अगदी उलट आहे, आणि ती जास्त वेळा दिसते. काही पालक ठरवून जातात की बाळाच्या अंगावरचे सगळे संस्थेतच उतरवायचे, नखशिखान्त नवे घालायचे आणि जुने मागे वळून पाहायचे नाही. "आजपासून हा आमचा, आधीचे सगळे पुसले." यामागे दुष्टपणा नाही, प्रेमच आहे, आणि कायदाही त्यांच्या बाजूचा वाटतो. कारण दत्तकाच्या आदेशानंतर मूल सर्व अर्थांनी त्यांचेच होते आणि जन्मदात्या कुटुंबाशी असलेले कायदेशीर संबंध संपतात.

आपल्या समाजाला तर हा 'सर्व अर्थांनी' फार उशिरा मिळाला. १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यासाठी होता. ख्रिस्ती, मुसलमान आणि पारशी माणसांना १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली फक्त पालक होता येई. मूल घरात वाढे, 'पप्पा' म्हणे, पण कायद्याच्या लेखी ते पाल्य. सज्ञान झाले की ते नातेही संपले, आणि मृत्युपत्र केले नसेल तर घरावर त्याचा वाटा नाही. २००० चा बालन्याय कायदा आणि त्यातील २००६ ची दुरुस्ती यांमुळे दार उघडले, आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की या कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येते. ख्रिस्तसभेच्या कायद्यात अडचण नव्हती. १९८३ च्या कॅनन कायद्याचे ११० वे कलम सांगते की नागरी कायद्याप्रमाणे दत्तक घेतलेली मुले ही दत्तक घेणाऱ्यांचीच मुले मानावीत. स्नानसंस्काराच्या नोंदवहीत आम्ही दत्तक आईवडिलांची नावे आई आणि वडील म्हणूनच लिहितो. ज्या वडीलधाऱ्यांनी त्या पालक-पाल्याच्या काळात मुले वाढवली आणि वकिलांकडे खेटे घालून त्यांच्या नावे घरे केली, त्यांना 'हा पूर्ण आमचा' या शब्दांची किंमत आम्ही सांगायला नको.

तेव्हा 'पूर्ण आमचा' यात वाद नाही. वाद 'आधीचे सगळे पुसले' यात आहे. पहिले विधान नात्याचे आहे आणि खरे आहे. दुसरे घडलेल्या घटनांविषयी आहे आणि ते खोटे आहे. बाळाचे चार-पाच महिने झालेले आहेत. त्याआधी नऊ महिने ते कोणाच्या तरी पोटात होते, आणि त्या बाईने त्यानंतरचे ६० दिवस कसे काढले हे आपल्याला कधीच कळणार नाही. आपण बॅग भरत असतो तेव्हा कुठेतरी एक घर रिकामे झालेले असते. याचा अर्थ आपला आनंद चोरीचा आहे, असा नाही. तिच्यावर दबाव आला असेल, थोड्या पैशांच्या, थोड्या आधाराच्या अभावी तिने बाळ दिले असेल, तर तो दोष समाजाचा आहे. त्या समाजात आपला धर्मग्रामही येतो. १९९३ चा हेग करार भारताने २००३ साली स्वीकारला, तो आंतरदेशीय दत्तकाविषयी आहे, पण त्याच्या मुळाशी असलेले तत्त्व सगळीकडे लागू पडते. मूल शक्य तेव्हा आपल्या जन्मघरीच राहावे, यासाठी आधी प्रयत्न व्हावा. आपल्यातल्या एखाद्या मुलीवर असा प्रसंग आला, तर आपण तिला बाळासकट घरात घेऊ का, हा प्रश्न दत्तकाच्या आनंदाआधी यायला हवा. गावात तिच्याविषयी जी भाषा होते ती आम्ही ऐकलेली आहे. 'टाकून दिलेले पोर' हा शब्द तर आपण तोंडातून काढूच नये. समितीपुढे जाऊन, सही करून, दोन महिन्यांची मुदत संपेपर्यंत जी थांबली, तिने बाळ टाकलेले नसते.

बायबलमध्ये बाळाच्या प्रवासाची तयारी करणारी पहिली बाई मोशेची आई आहे. लव्हाळ्याची पेटी, तिला डांबर, आणि ती ठेवायला काठाजवळची शांत जागा. दुसऱ्या कोणाच्या हाती बाळ सुखरूप जावे, म्हणून केलेले हे पॅकिंग आहे. फारोच्या मुलीने पेटी उघडली आणि रडणारे बाळ पाहताच ते इब्र्यांचे आहे हे तिने ओळखले. ओळखले, आणि तरीही घेतले. 'ओळखले' हा शब्द महत्त्वाचा आहे. तिने ते मिसरी असल्याचे नाटक केले नाही. दूध पाजायला इब्री दाई आणू का असे विचारल्यावर हो म्हणाली, आणि ती दाई म्हणजे बाळाची आईच होती. पुढे नाव मात्र तिने आपल्या पसंतीचे ठेवले, आणि तेच नाव आपण आजही घेतो. म्हणजे नवे नाव ठेवण्यात काही पाप नाही, हेही ओघाने आले.

फ्लॉरेन्स शहरात ब्रुनेलेस्की या स्थापत्यकाराने आराखडा केलेला एक बालकाश्रम आहे. त्यात पहिले बाळ आले ५ फेब्रुवारी १४४५ रोजी. संत आगाथाच्या सणाचा दिवस, म्हणून त्या मुलीचे नाव आगाता ठेवले. तिथे येणाऱ्या बाळांबरोबर पुष्कळदा अर्धे कापलेले पदक, एखादी फीत असे काहीतरी असे. दुसरा अर्धा भाग आईजवळ राही, कधी काळी ती परत आली तर ओळख पटावी म्हणून. बाळाच्या अंगावर काय होते, हे आश्रमाच्या वहीत लिहून ठेवत. लंडनच्या १७४१ साली सुरू झालेल्या बालकाश्रमाच्या दप्तरात तर बाळांबरोबर आलेल्या कापडांचे हजारो तुकडे टाचून ठेवलेले आहेत. फुलांचे छापील सुती कापड, बाहीचा तुकडा, लाल फीत. ते तुकडे जपणारे कारकून काही मोठे तत्त्वज्ञ नव्हते. पण एवढे त्यांना कळत होते की बाळ रिकाम्या हाताने आलेले नाही.

म्हणून बॅगेविषयी आम्ही जे सांगतो ते असे. जाताना ती पूर्ण भरू नका. कपडे, दुपटी, लंगोट, थर्मास, वाटी-चमचा, ताप मोजायचे थर्मामीटर हे सगळे घ्या. फोटो आणि कागदपत्रांच्या प्रती लागतात त्याहून दोन जास्त घ्या, बाळाचा नवा जन्मदाखला नंतर मिळतो, तेव्हा परतीच्या प्रवासासाठी संस्थेचे पत्र आणि आदेशाचे कागद वरच्या कप्प्यात ठेवा. पण एक बाजू मोकळी सोडा, कारण आणायचे पुष्कळ आहे. बाळ जे पावडरचे दूध घेते तेच काही दिवस चालू ठेवायचे, त्याचा डबा. लसीकरणाचे कार्ड. ज्यात ते झोपते ते दुपटे, न धुतलेले. त्याचा वास बाळाला ओळखीचा असतो, आपला नसतो. संस्थेला कपड्यांची टंचाई असते, तेव्हा एक जुने मागून घेताना चार नवी तिथे ठेवावीत, हे सांगायला नको. त्या इमारतीचा, त्या पाळण्याचा, त्या खिडकीचा फोटो काढून आणावा, संस्थेची परवानगी घेऊन. पंधरा वर्षांनी त्याची किंमत कळेल.

आणि जी मावशी त्याला सांभाळत होती तिच्याजवळ शक्य असेल तर एक दिवस बसा. कोणत्या कुशीवर झोपते, अंगाई लागते की थोपटले तरी पुरते, संध्याकाळी का रडते, तिने त्याला लाडाने काय नाव ठेवले आहे, हे कागदावर लिहून घ्या. आमच्या ऐकण्यातल्या एका आईला हे फार जड गेले. "मी आई, आणि माझ्याच बाळाविषयी पगारी बाईला विचारू?" असे तिला झाले. तिची तगमग समजण्यासारखी आहे. पण ज्या बाईने रात्री उठून त्या बाळाला पाच महिने दूध पाजले, तिला उद्यापासून रिकामा पाळणा दिसणार आहे. ती ज्ञानाने आपल्याहून मोठी आहे. तिच्यासमोर बसून शिकणे हा मातृत्वाचा अपमान नाही, कदाचित ती त्याची सुरुवात असेल.

गॅब्रिएल मार्सेल नावाचे फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञ होऊन गेले. 'जवळ असणे' आणि 'असणे' यांतील फरक हा त्यांच्या विचाराचा गाभा. घर, गाडी, पुस्तक या गोष्टी आपल्याजवळ असतात. नाते तसे नसते, त्यात आपण स्वतः असतो, आणि म्हणून त्याची मालकी सांगता येत नाही. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या 'होमो व्हिएटर', म्हणजे 'वाटसरू माणूस', या पुस्तकात पितृत्वावर एक निबंध आहे. त्यात ते दाखवतात की केवळ जन्म दिल्याने कोणी पिता होत नाही, त्यासाठी एक बांधिलकी आपणहून स्वीकारावी लागते, ज्याचे फळ आपल्या हाती नाही अशा गोष्टीला होय म्हणावे लागते. हे त्यांनी हवेत लिहिले नाही. त्यांचा स्वतःचा मुलगा दत्तक होता. हा निबंध खरे तर पोटच्या मुलांच्या आईवडिलांनीही वाचावा. आपली मुले आपल्या रक्ताची आहेत या भरवशावर आपण पुष्कळदा ती बांधिलकी न स्वीकारताच वीस वर्षे काढतो.

राहता राहिला प्रश्न बाळाला सांगण्याचा. जुने दुपटे कपाटात ठेवले की कधीतरी ते विचारणारच, हे कोणाचे. ज्यांना ते विचारले जाऊ नये असे वाटते ते दुपटे आणत नाहीत, आणि मग सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट त्याला शाळेत एखादा मुलगा भांडणात सांगतो. त्यापेक्षा दुपटे बरे. वयाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून थोडे थोडे, इतर गोष्टी सांगतो तसे सांगावे. समाजसेविका दोन वर्षे दर सहा महिन्यांनी घरी येते, तिच्याकडे हे विचारायला संकोच करू नये.

आता थोडे तुम्हा बाकीच्यांसाठी. जोडपे बाळाला घेऊन परत आले की पहिल्या रविवारी मिस्सानंतर अंगणात गर्दी होईल. 'कोणाचे आहे', 'कुठल्या जातीचे असेल', 'रंग यांच्यासारखा वाटत नाही' हे कानावर आले तर तिथल्या तिथे थांबवावे. 'किती पुण्याचे काम केलेत' हेही नको. त्यांनी कोणावर उपकार केलेले नाहीत, त्यांना मूल झाले आहे. रात्री झोपते का, दूध नीट पिते का, दात आले का, हे खुशाल विचारा. आणि कोणाकडे मऊ झालेली जुनी दुपटी असतील तर त्यांच्या घरी नेऊन द्या, नऊ महिन्यांच्या मापाची.